कोणत्या कसोटीनं?

अख्ख्या वऱ्हाडात डोळ्यांवर विश्वास न ठेवणारी एकच बाई होती, आणि नेमकी तीच आम्हाला अकोल्याच्या शाळेत भूमिती शिकवायला होती. हट्टी होत्या म्हणता? होत्याच. मग?

दोन त्रिकोण एकरूप आहेत हे फळ्यावर धडधडीत दिसत असलं, तरी बाईंना ते मान्य नसे. "दिसते म्हणून काय झालं? उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणीही दिसते. तीन गोष्टी सारख्या दाखव, कसोटी सांग, पुढं कंसात कारण लिही." घाईत कोणी 'बाजू-कोन-बाजू'च्या जागी 'बाजू-बाजू-कोन' लिहिलं, की त्याची खैर नसे. ही खोड शाळेपुरती असती तरी चाललं असतं. शेजारच्या जुळ्या मुलींच्या बारशात त्यांची आई कौतुकानं म्हणाली, "दोघी अगदी सारख्या आहेत ना, बाई?" बाईंनी पाळण्यात वाकून नीट पाहिलं आणि विचारलं, "कोणत्या कसोटीनं?" त्या घरून पुढं कधी बोलावणं आलं नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

नववीच्या परीक्षेत समद्विभुज त्रिकोणाचे पायाजवळचे कोन समान दाखवायचे होते. पुस्तकात मधोमध रेघ मारून दोन त्रिकोण करतात. मी ती रेघच विसरले! घाबरून तोच त्रिकोण उलट्या क्रमानं, 'अबक'चा 'अकब' असा, वाचला आणि त्याला त्याच्याशीच एकरूप ठरवलं. दोन बाजू सारख्या, मधला कोन सामाईक, झालं. बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले. पेपर पुन्हा तपासणाऱ्या पर्यवेक्षकांनी त्याचा भोपळा केला.

"त्रिकोण स्वतःशीच एकरूप? थट्टा आहे काय, बाई?"

"चूक कुठं आहे ते दाखवा, सर. आत्ता खोडते."

"नमुना उत्तरात असं नाही."

"नमुना उत्तर हे कारण होत नाही. कंसात काय लिहू?"

गुण मिळेपर्यंत बाईंनी निकालावर सही केली नाही. गुण मिळाले. जूनमध्ये बाईंकडची नववी-दहावी काढली आणि पाचवीचा वर्ग दिला. निवृत्त होईस्तोवर त्यांना पुन्हा एकरूपता शिकवू दिली नाही. मला आजही त्याचा संताप येतो, आणि तो मी जाऊ देणार नाही.

आता मीही भूमितीच शिकवते. परवा अमरावतीला त्यांच्या लेकीकडे त्यांना भेटले. खुर्चीत एवढ्याशा झाल्या होत्या. मी आपलं म्हटलं, "बाई, अगदी तशाच आहात तुम्ही."

"कोणत्या कसोटीनं म्हणून राहिली?"

"तोच आवाज. तोच हट्ट."

"दोनच झाले. तिसरं?"

पांढरे केस, वाकलेली पाठ, थरथरणारे हात. यातलं काहीच तेव्हाचं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. "तिसरी बाजू मी. तेव्हाच्या बाईंची अन् आताच्या बाईंची. सामाईक."

बाईंनी बोटानं हवेत कंस काढला. मग हळूच म्हणाल्या, "सामाईक बरोबर आहे वं. पण आवाज नाही राहिला तसा. अर्धा मार्क कापून राहिली मी."