ओठाला ओठ न लागता

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाचंही लग्न ठरलं की नवरीला उखाणे शेजारचे काका करून देतात. "म्हणून दाखव," म्हणतात, आणि आपण म्हणत असताना त्यांचे ओठ आवाज न करता हलतात. एक अक्षर अडलं तरी "परत!" माझ्याकडून लग्नाआधी मोगरा, गुलाब, पौर्णिमा सगळं घोटून घेतलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर काकूंच्या तोंडावरून वारं गेलं. डावा गाल ओघळला, ओठाला ओठ लागेना. चारचौघांत त्या बोलेनाशाच झाल्या.

परवा सत्यनारायणाला कुणीतरी बोलून गेलं, "काकू, नाव घ्या ना!" काका प्रसादाची वाटी घेऊन भिंतीला टेकले होते.

काकू उठल्या. "अर्धंच हसते तरी घर उजळतं..."

ओळ स्वच्छ आली. मी ती मनात म्हणून पाहिली आणि चरकले. ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर काकांनी त्यात ठेवलं नव्हतं. मोगरा, गुलाब, पौर्णिमा, सगळं बाहेर. पण पुढे नाव यायचं होतं, आणि काकांच्या नावात प आणि भ दोन्ही आहेत. ते कसं बदलणार?

काकू थांबल्या. काकांचे ओठ आज हलत नव्हते.

नाव आलं ते नुसती हवा होऊन, ओळखू न येणारं. मग, "...ना न सांगता सारं कळतं."

मी घाबरून काकांकडे पाहिलं. आता "परत" म्हणतात की काय!

काकांनी, कुणी हाक मारावी तशी, "ओ" दिली.