उठायच्या आधीची नाडी

तिच्या दोन्ही हातांवर लोकरीची लड होती आणि मी समोर बसून गुंडा करत होतो. दिवस कलला होता, अंगणात लिंबाची सावली लांबत चालली होती, आणि लोकरीला तोच वास होता — मेंढराच्या घामाचा, ओल्या मातीचा, जरासा धुराचा — जो आमच्या कपड्यांतून, भाकरीतून, लेकरांच्या केसांतून जन्मात कधी गेला नाही. धागा अडकला की ती मनगट वळवून सोडवायची. "आवं, जरा हळू. हात तुटून राहिले माझे," ती म्हणाली. मी म्हणालो, "तुटू दे, बाजारातून नवे आणू." ती हसली. बस्स. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. त्याच्या पुढची सकाळ मला लगेच सांगता येत नाही. आधी नाडीचं सांगितलं पाहिजे.

पहिली नाडी मी पाहिली ती मेंढीची. माझा बाप पूर्णेच्या काठानं हट्टा गावाकडं कळप घेऊन जायचा, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचा, आणि मी शाळा सोडून त्याच्या मागं. पाऊस उघडल्यावर काळ्या रानातून वाफ निघायची, भिजलेल्या लोकरीचं ओझं अंगावर घेऊन एखादी गाभण मेंढी सरीत लोळायची आणि उताणी व्हायची... चारी पाय आभाळाकडं, पोट फुगलेलं, डोळे पांढरे. तिला आपणहून उठता येत नाही; तशीच राहिली तर मरते. बाप ओरडायचा, "उभी करून सोडू नको रं पोरा, परत पडंल! मांड्यांत धर!" मी तिला दोन्ही मांड्यांत आवळून धरायचो आणि पुढच्या पायामागं पंजा घालायचो. आत काळीज असं धडधडायचं, जशी पोत्यात कोंडलेली कोंबडी. मग हळूहळू ते जागेवर यायचं, मेंढी अंग झाडायची आणि जणू काही झालंच नाही अशी चरायला निघून जायची. पडलेल्याला उभं करावं आणि काळीज जागेवर येईपर्यंत धरून ठेवावं — एवढी एकच विद्या मी लहानपणातून बरोबर आणली.

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी आमची ही पहिल्यांदा पडली. कापसात खुरपत होती, कुणाला तरी हाक मारायला उठली आणि उठल्या उठल्या पिकल्या पानासारखी खाली आली. मी धावत गेलो, काखेत हात घालून उभी केली आणि मांड्यांत आवळून धरली. तिचे ओठ पांढरे पडत चालले, मान लुळी झाली, तरी मी सोडेना. शेवटी तिच्या ओझ्यानं मीच सरीत बसलो, ती माझ्या मांडीवर आडवी झाली, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

"बाया बघून राहिल्यात," ती पुटपुटली. "मी काय मेंढी हाय व्हय?"

खुरपणाऱ्या बाया आधी रडायला आल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसत परत गेल्या.

हिंगोलीच्या डॉक्टरनं तिला आडवी करून मनगट धरलं. मग उभी केली आणि परत धरलं. मलाही बोटं ठेवायला लावली. आडवी असताना नाडी रवंथ करणाऱ्या जितराबासारखी निवांत होती. उभी राहताच अशी सुटली, जसं कुत्र्याच्या भुंकण्यानं कळप सुटतो. डॉक्टर म्हणाला, "उठलं की रक्त पायात उतरतं, काका. डोक्याला ते पुरवायचं म्हणून काळजाला पळावं लागतं. सगळ्यांचंच पळतं. यांचं जास्त पळतं, तरी रक्त वेळेवर वर पोचत नाही. चक्कर आली की उभं धरू नका. आडवं करा, पाय उंच करा."

"मंजे मेंढराच्या उलटं हाय म्हणा की."

"मेंढराचं मला माहीत नाही," तो हसत म्हणाला. हिनं मात्र माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं.

तेव्हापासून आमच्या सकाळी तशा सुरू झाल्या. उजाडताना ती जागी व्हायची, पण उठायची नाही. मी मनगट धरायचो. मग बाजेवर बसायचं, पाय खाली सोडायचे, थांबायचं. नाडी पळायची, दमायची, चालीवर यायची. मग उभं राहायचं. चुलीचा धूर, शेळीचं ओरडणं, परसातल्या तुळशीचा ओला वास, आणि माझ्या दोन बोटांखाली तिचं जगणं... आजही उशीवर कान टेकला की आत ठोके ऐकू येतात. माझेच असतात, मला कळतं. तरी मी कूस वळवत नाही. वळलो तर त्यांची चाल बदलते, आणि मग ते तिचे वाटत नाहीत.

तर, आडवं करायचं. पण आमच्याकडं माणूस जायला लागलं किंवा गेलं की त्याला बाजेवरून काढून भुईवर घेतात. एका सकाळी ती दारातच कोसळली. मी तिला तिथंच भुईवर निजवलं आणि पायाखाली पाटी पालथी घातली. शेजारच्या धुरपतामावशीनं पाहिलं आणि गळा काढला, "आगं माय, भुईवर घेतली गं!" गल्ली गोळा झाली. हिनं डोळे उघडले. "काहून रडून राहिल्या, मावशी? हाय मी अजून. चहा ठेवा."

लोक पोट धरून हसले. मागून आम्ही दोघंच असताना मात्र तिनं माझा हात धरला. "मला भुईवर नका घेऊ. पाठीला ती गार लागली की वाटतं, झालं. गेले मी."

मी म्हणालो, "घोंगडीवर घेतली तर ती भुई थोडीच?" तिनं विचार केला. "चालंल," म्हणाली. मग कितीतरी उन्हाळे मी खांद्यावर घोंगडी टाकून हिंडलो. पोरं चिडवायची, "आजा, हिव वाजायलं का?" वाजायलं, म्हणायचो.

लोकर गुंडाळली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. आडव्या माणसाची नाडी हळू असते, म्हणून थांबलो. खूप थांबलो. मग वाटलं, बसवली तर पळेल — उठलं की ती पळतेच ना. खांद्याखाली हात घालून बसवली, पाय खाली सोडले. डोकं माझ्या खांद्यावर आलं. काहीच पळालं नाही.

उन्हं अंगणात आली तोवर घर भरलं. बायांनी ओसरी शेणानं सारवली. मी घोंगडी अंथरायला लागलो, तर धुरपतामावशी म्हणाली, "ती काढ बाबा. मोकळ्या भुईवर घ्यावं लागतं."

"न्हाई."

"न्हाई कसं? तिची वाट अडवतो का तू?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी सारवलेल्या जागेवर हात ठेवून पाहिला. गार होती. मग सदरा काढला आणि तिथं उघड्या पाठीनं आडवा झालो. कुणीतरी कुजबुजलं, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं." फिरू दे. ओल पाठीतून आत शिरली, शेणाचा वास नाकात बसला, वर कौलांतून उन्हाची एक तिरीप येत होती. खाली भुई कोमट होईपर्यंत मी पडून राहिलो. माझं काळीज संथ चालत होतं.

मग न थांबता, एका दमात उभा राहिलो. काळीज पळत सुटलं, डोळ्यांपुढं अंधार आला. भिंत धरली आणि म्हणालो,

"आता आणा तिला."