माफ झालेला गुन्हा

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजून वेगळं आठवतं.

लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सोमवारी हजेरी चालू असताना जवळच्या गावातली एक बाई आली. गुडघेदुखीसाठी प्रार्थना करून घ्यायला ती आदल्या दिवशी ख्रिस्ती मंडळीच्या सभेला गेली होती. तिथला रिवाज असा, की नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्याने उभं राहून साक्ष द्यायची : आधी मी कसा होतो आणि प्रभूने मला कसं बदललं. त्या दिवशी एका ट्रॅक्टर ड्रायव्हरने सांगितलं, की आपल्या हातून एक माणूस मेला.

"सायेब, त्यानं जे शिवार सांगितलं ते आमच्याच गावचं हाय," बाई म्हणाली. "आन् तिथं मेलेला माणूस एकच."

ते प्रकरण मला कागदांवरून माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी बांधाला बरगड्या मोडून मृतावस्थेत सापडला होता; मारहाणच धरली गेली. त्याच दिवशी धाकट्या भावाशी त्याचं भांडण झालं होतं. मृताच्या डोक्याखाली टॉवेलची घडी होती. तेव्हाच्या तपास अधिकाऱ्याचा तर्क असा, की परका माणूस उशाला टॉवेल कशाला देईल? म्हणजे हे भावाचंच काम. पुराव्याअभावी धाकटा सुटला, पण गावाने त्याला सोडलं नाही. सख्खी माय त्याच्याशी बोलत नव्हती. ती थोरल्याच्या विधवेकडे राहत होती.

मी लगेच हुरळलो नाही. साक्षीत माणसं वाढवून सांगतात; पाप जितकं मोठं, तितका हालेलुयाचा गजर मोठा. ठाण्यात नेमकं उलटं असतं. खून करून आलेलाही म्हणतो, नुसता धक्का लागला.

ड्रायव्हरला चौकशीसाठी बोलावलं. मूळचा भोकरकडचा, हंगामापुरता नांगरटीला येणारा. तो शांत बसला होता आणि एका शब्दाने बोलेना.

"सभेत बोललास, मग इथं का नाही?" मी विचारलं.

"सायेब, ते पाप आता ऱ्हायलंच न्हाई. प्रभूनं धुतलं. परत तुमच्याम्होरं काढलं, तर धुतलंच न्हाई असं व्हईल. माझा इस्वास कच्चा ठरंल."

पोलिसांना चकवणारे खूप पाहिले, पण हा चकवत नव्हता. अशा माणसावर दमदाटी फुकट जाते. मी त्यांच्या पास्टरना बोलावून घेतलं. ते मोटरसायकलवर आले. त्यांचंही म्हणणं तेच : देवाने क्षमा केली, तिथे माणूस कोण न्याय करणार?

मला राग आला. मी म्हणालो, "याला माफी मिळाली, चांगलं झालं. त्या धाकट्याला कधी मिळणार?"

ड्रायव्हरने मान वर केली. "कोणता धाकटा?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. घटनेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच तो गाव सोडून गेला होता. भावावर आळ आला, माय तुटली, हे सगळं मी त्याला सांगितलं. टॉवेलचं मात्र मुद्दाम सांगितलं नाही.

 तो पास्टरकडे वळून म्हणाला, "माझं पाप येशूनं उचललं म्हणून साक्ष देत ऱ्हायलो, आन् उचलत ऱ्हायला तो धाकटा."

 पास्टरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग तो सांगत गेला. ट्रॅक्टर मागं घेताना शेतकरी चाकाखाली आला. "ती चूक व्हती, सायेब. पाप म्होरंच हाय. त्याचा श्वास चालू व्हता. बांधाला नेऊन निजवलं, उशाला टॉवेल दिला, आन् पळालो."

टॉवेल सभेत निघाला नव्हता. तो पंचनाम्यात होता आणि करणाऱ्याच्या मनात.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. म्हणून त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला. पास्टर पुढे साक्षीदार म्हणून उभे राहिले; मंडळीतल्या काहींनी त्यावरून त्यांच्याशी बोलणं सोडलं. ड्रायव्हरला शिक्षा झाली. त्याने अपील केलं नाही.

निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात त्याने धाकट्यापुढे हात जोडले. धाकटा म्हणाला, "तू केलेलं तुझ्या देवानं माफ केलं. मी न केलेलं मला कोणीच माफ केलं न्हाई." आणि तो बाजूला झाला. मला त्याचं बोलणं रास्त वाटलं.

म्हातारी माय लिंबाखाली बसली होती. मला म्हणाली, "आता म्या लेकाम्होरं कोणत्या तोंडानं जाऊ?"

 तेवढ्यात धाकटा स्वतःच आला, तिची पिशवी उचलली आणि म्हणाला, "माय, चल. एस्टी जाईल."

गुन्हा शोधणं माझं काम होतं, शिक्षा देणं न्यायालयाचं. देवाच्या न्यायाबद्दल पास्टर मला बरंच सांगत असत, आणि कृपेबद्दलही : जी कमवता येत नाही, ती कृपा. माझ्या डोक्यात ते फारसं शिरत नसे. त्या धाकट्याने मायकडे एका शब्दानेही जाब मागितला नाही, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या जागी मी असतो, तर मागितला असता.