मियाजिमा आणि आईच्या चपला

दुबईत अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दाराबाहेर चपला ठेवायला मनाई आहे. तशी सूचना लिफ्टमध्ये देवाच्या तसबिरीसारखी फ्रेम करून लावली आहे. पुण्याहून आलेली आई सवयीने चपला बाहेर काढायची आणि माझी नऊ वर्षांची रिया "आजी, दॅट्स नॉट अलाउड" म्हणत त्या आत आणायची. तीन महिन्यांत आई "मला पुण्याला पोचव" म्हणू लागली. तिने कायमचं आमच्याकडे राहावं म्हणून मी थोर उपाय शोधला: तिला जपान दाखवायचं. शेजाऱ्यांशी ओळख करून देण्यापेक्षा ते सोपं होतं, कारण शेजाऱ्यांचं नाव मलाही माहीत नव्हतं.

बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिघंच निघालो. हिरोशिमात मुक्काम आणि सकाळच्या बोटीने मियाजिमा बेट. तिथली समुद्रात उभी असलेली लाल तोरी (देवळाची कमान) जगप्रसिद्ध आहे. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. जगप्रसिद्ध कमान चिखलात उभी होती.

"समुद्र कुठाय?" आईने विचारलं.

"येईल, इन्शाल्ला."

"वाळू बघायला इतक्या लांब आणलंस होय!"

मग मोमिजी मांजू (पानाच्या आकाराचा गोड केक) खाल्ला. आत वाटलेल्या डाळीचं सारण. "पुरणच आहे, वेलची विसरलेत," आईने निकाल दिला.

बेटावर हरणं मोकळी फिरतात. एकाने माझ्या हातातला नकाशा ओढला. दुबईत पार्किंगसाठी भांडून तयार झालेला मी, सोडणार थोडाच? अर्धा नकाशा जिंकून विजयी मुद्रेने वळलो, तर आई नव्हती. तिचा फोन माझ्याच बॅगेत होता. तिच्याकडून हरवेल म्हणून मीच जपून ठेवलेला. तिला मराठी आणि मोडकं हिंदी येतं. दुबईत तेवढ्यावर जन्म निघतो, इथे त्याचा काय उपयोग? मी घाबरलो. आइस्क्रीम खाणाऱ्या एका गृहस्थांना "ओल्ड लेडी? साडी?" असं विचारलं, तर त्यांनी कमरेत वाकून माझी माफी मागितली, जणू आई त्यांनीच हरवली होती.

"बाबा, लुक! आजीज चप्पल्स!" रिया ओरडली.

टेकडीवर फुललेल्या चेरीखाली निळी ताडपत्री, कडेला बुटांची रांग आणि त्यात आईच्या चपला. चार जपानी आज्यांची हानामी (बहराखाली बसून खाणंपिणं) चालली होती. मधोमध आई मांडी घालून बसली होती आणि सगळ्यांच्या हातात तिच्या डब्यातले बेसनाचे लाडू होते.

"आई, किती शोधलं! तुला इथे बोलावलं कोणी?"

"ओरडू नकोस चारचौघींत. चैत्रातलं हळदीकुंकू आहे. मी उभी होते, यांनी सरकून जागा केली."

आम्हीही बसलो. एका आजीने उठून आमचे वेडेवाकडे बूट बाहेर तोंड करून लावले. आईच्या चपला आधीच तशा लावलेल्या होत्या. ती जपानी आजी फोनमध्ये काहीतरी बोलली आणि फोनने हिंदीत सांगितलं, "पाहुण्याला निघताना त्रास नको."

"किती समजूतदार बायका," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

परतीच्या बोटीवरून पाहिलं, तर भरती आली होती आणि कमान झोकात पाण्यात उभी होती. सगळे कठड्याकडे धावले. आईने मान वळवली नाही. तिचा डबा त्या बायकांनी तांदळाच्या गोड वड्यांनी भरून दिला होता. "रिकामा डबा परत देत नसतात," ती रियाला सांगत होती.

दुबईत परतल्यावर तिने पुण्याचं नाव काढलं नाही. उपाय लागू पडला म्हणून मी स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या सकाळी ऑफिसला निघताना पाहिलं, तर आईच्या चपला नियमाप्रमाणे दाराच्या आत होत्या. तोंड मात्र बाहेरच्या बाजूला होतं. शाळेला निघालेली रिया खाली बसली, तिने त्या दोन्ही हातांनी घराकडे वळवल्या आणि दप्तर उचलून गेली.

संध्याकाळी आलो, तर चपला पुन्हा दाराकडे वळलेल्या होत्या. मी मुकाट्याने पुण्याचं तिकीट काढलं.