कूलर अलाउड नाही

फ्लॅट बघायला उमरेडहून बाबांना मुद्दाम बोलावलं, तीच माझी चूक झाली असं त्या दिवशी मला वाटलं. वर्धा रोडवरच्या त्या नव्या स्कीमचा सेल्समन मुलांचं पार्क, योगा डेक, ज्येष्ठांचा कट्टा दाखवत होता, आणि बाबा खिशातून टेप काढून हॉलची खिडकी मोजत होते. कूलर बसतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

"काका, इथे कूलर अलाउड नाही. बिल्डिंगचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरचा लुक, खराब होते," सेल्समन हसून म्हणाला.

"काहून गा? उन्हाळा अलाउड आहे?"

मी शरमेने घाईघाईत बुकिंगच्या फॉर्मवर सही ठोकली. आम्ही शिकलेली माणसं घर असंच घेतो. राहायचं आपण आणि दिसायला बरं हवं ते रस्त्यावरून जाणाऱ्यांना.

मे महिन्यात भिंती तव्यासारख्या तापल्या आणि एसीने मान टाकली. तरी माझा मोठेपणा जाईना. बाबांना फोन करून म्हटलं, "राहायला या ना थोडे दिवस."

"मी काहून येऊ वं? तूच ये इकडे. आपल्या घराले एलिव्हेशन नाही, कूलर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने मी उमरेडला गेले.