धक्क्याखालची मसणवट

नव्या होडीपुढं नारळ फोडायचा होता. सकाळपासून ती होडी मीच पुसली. आतून, बाहेरून, बुडातून. आणि आरतीचं ताट हातात आलं तशा क्लबच्या मोठ्या साहेबांच्या बाई मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जरा बाथरूमच्या मागं थांबा. शुभ काम आहे. राग नका मानू हं."

मावशी म्हणाल्या. अहो-जाहोसुद्धा केलं. आणि मागं घातलं. विधवा म्हणून, का आमच्या वस्तीची म्हणून? दोन्ही मिळून असेल.

गेले मी. एकटीच भिंतीला टेकून उभी राहिले. दौंडजवळ भीमेच्या काठावरचा हा शिडाच्या होड्यांचा क्लब. काय नाही तिथं? होड्यांची शेड, काचेचं जेवणघर, गरम पाण्याचे शॉवर, लाइफ जॅकेट वाळवायला वेगळी खोली. सगळं मी झाडायची. धक्क्यावर मात्र कामाच्या बाईनं बसायचं नाही.

तेवढ्यात साहेब माईकवर पाहुण्यांना क्लबचा इतिहास सांगायला लागले. "आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं. नुसत्या वेड्या बाभळी."

अहो, काही नव्हतं कसं? आमच्या वस्तीची मसणवट होती ती! गावाच्या घाटावर आमचं मढं जाळू देत नव्हते, म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी बाभळी तोडून ती जागा केली. माझे मालक कुरकुंभच्या कंपनीत कामाला. छातीत कळ आली आन् गेले. त्यांना जाळलं ते ह्या मसणवटीतच. बरोबर धक्का आहे तिथं. मग क्लबनं कुंपण घातलं, वाट बंद झाली. आत जायला मिळतं म्हणून तर मी हे काम धरलं. झाडता झाडता त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. घरात दुसरं कोण आहे बोलायला?

मी भिंतीमागून निघाले. सगळ्यांच्या देखत धक्क्यावर गेले आणि बसले.

"मावशी, काय हे? पाहुणे आहेत!"

"साहेब, हितं माझा नवरा जळलाय. काय नव्हतं म्हणू नका."

एकजण हसला. माईक बंद झाला. साहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

वस्तीत आले तर पुतण्या दारातच. "काकी, गप बसायचं व्हतं. आमची बी कामं हायती तिथं. आता आम्हाला काढलं म्हंजी?"

त्याचं खोटं नाही. त्याला पोरंबाळं आहेत. पण तेव्हापासून वस्तीत माझ्याशी कुणी धड बोलत नाही. शेजारीण मला बघून दार लोटून घेते. क्लब सुटला, वस्तीही तुटली.

तुटू दे. मालकांच्या पुण्यतिथीला मी जाणार. दिवसाउजेडी, मोठ्या फाटकातून, हातात खराटा न घेता. आमच्यातलं कुणी संगं येवो न येवो. अडवलं तर फाटकातच बसणार. गाड्या खोळंबल्या तर खोळंबू देत. मी उठणार नाही.