ऐकत नाही

निवाऱ्यात तिला सगळे मावशी म्हणत. हजेरीपटावर तिचं खरं नाव होतं, पण ते कुणी मोठ्याने वाचलं की ती क्षणभर इकडेतिकडे बघे आणि मग म्हणे, "हां, मीच." एकोणीस वर्षं झाली होती तिला इथे. सकाळी सातला बादली, खराटा, फिनेल. मग चाळीस कुत्री आणि बावीस मांजरं यांच्या ताटल्या. दुपारी नोंदवही. एखादं जनावर कुणाच्या घरी गेलं की निळ्या शाईने लिहायचं, परत आलं की लाल शाईने, कारणासकट. लाल पेन आधी संपे. त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

परत आणणारी माणसं फाटकातून येतानाच दमलेली दिसत. कारण वाटेत पाठ केलेलं असे. बदली झाली, घरमालक कटकट करतो, पोरीला शिंका येतात. मावशी मान हलवी. वाद घालण्याचं वय मागे पडलं होतं. वहीतला 'कारण' हा रकाना दोन बोटं रुंद होता. त्यात मावेल तेवढंच ती लिही. लोक पाऊण तास बोलत आणि वहीत दोन शब्द उरत.

ठोंब्याच्या नावापुढे तिन्ही वेळा तेच दोन शब्द होते. ऐकत नाही.

ठोंब्या म्हणजे तपकिरी, मोठ्या डोक्याचा, लोंबत्या कानांचा कुत्रा. हाक मारली तरी ढिम्म बसून राही, म्हणून पडलेलं नाव. पहिल्या घरात एक नवरा-बायको होते. आठ दिवसांत घेऊन आले. दुसऱ्या घरातल्या शिक्षिकेने महिनाभर शिकवून पाहिलं. "चाळीस पोरं सांभाळते मी," ती म्हणाली, "हा एकटा त्यांच्यावर भारी. पालथ्या घड्यावर पाणी." तिसऱ्या घरी तो तीन महिने टिकला. ते होते टेलरकाका, बायको गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत एकटे राहणारे.

सोमवारी काका त्याला घेऊन आले तेव्हा त्यांनी पट्टा हातातून सोडलाच नव्हता.

"काय झालं, काका?"

"काही नाही हो. ऐकतच नाही. दिवसभर मशीनच्या पायाला हनुवटी लावून पडतो. ऊठ म्हटलं, ढिम्म. परवा रस्त्यात सुटला. मी ओरडतोय, आख्खी गल्ली वळून बघतेय, आणि हे साहेब चाललेत ट्रकखाली. माझंच काळीज तोंडात आलं. आता नाही झेपत."

मावशीने लाल पेन उघडलं. मशीन, गल्ली, ट्रक काहीच रकान्यात मावलं नाही.

निवाऱ्याचा नियम होता: तीनदा परत आलेला कुत्रा लांबच्या आवारात जायचा. शहराबाहेर पत्र्याच्या शेड होत्या तिथे. खायला मिळे, औषध मिळे, पण बघायला कुणी येत नसे. तिकडे गेलेला कुत्रा मावशीने पुन्हा कधी निळ्या शाईत लिहिला नव्हता. दर शनिवारी गाडी जाई. ठोंब्याचं नाव त्या शनिवारच्या यादीत लागलं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो मांजरीला मांडीवर घेऊन पेपर वाचत होता. ही तीन पायांची म्हातारी मांजर मावशीनेच आणलेली. तिच्याआधी तीन आणल्या होत्या, त्या आपापलं आयुष्य संपवून गेल्या. घरमालकाला मांजर चाले, कुत्रा चालत नसे.

"तिकडे कुत्री ऐकत नाहीत, इकडे बायको," नवरा म्हणाला. "मी कुणाकडे परत करू सांग."

"करा की. रकान्यात काय लिहाल?"

"खूप चांगली आहे, पण सातला निघून जाते."

ती हसली, आणि हसतानाच लक्षात आलं की आज दिवसभरात आपण हसलो नव्हतो.

बुधवारी सकाळी वाऱ्याने लोखंडी दार आपटलं. चाळीस कुत्री एकदम उठली. असा गलका झाला की मांजरांच्या खोलीतून भांडी पडल्याचा आवाज आला. मावशी भरलेली बादली घेऊन ठोंब्याच्या पिंजऱ्यापाशी होती. तो झोपलेला होता. पोट सावकाश वरखाली होत होतं. हात भरून आला म्हणून तिने बादली खाली टेकवली, जरा जोरातच. ठोंब्याने डोळे उघडले.

ती तिथेच उभी राहिली. मग त्याच्या मागच्या बाजूला गेली आणि ताटलीवर पळी वाजवली. शेजारचे सगळे भुंकले. तो नाही. तिने जमिनीवर पाय आपटला. तो उठला आणि वळून तिच्याकडे बघू लागला.

एकोणीस वर्षं, ती मनाशी म्हणाली. आणि तीन वेळा, माझ्याच अक्षरात.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, दोन्ही कान गेलेले, बहुतेक जन्मापासूनच. निवाऱ्याच्या साहेबांच्या टेबलापुढे मावशी वही घेऊन उभी राहिली.

"लोकांनी खरंच सांगितलं होतं, साहेब. ऐकत नाही. आपण उलटं वाचलं."

"असेल. पण बहिऱ्या कुत्र्याला कोण नेणार? धडधाकट पडून आहेत इथे. नियम सगळ्यांना सारखा, मावशी."

"शनिवारपर्यंत तर आहे ना?"

"शनिवारपर्यंत आहे," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

तिने पिंजऱ्यावरची पाटी बदलली. 'शांत' पुसून 'बहिरा आहे' लिहिलं. गुरुवारी सहा जण आले. वाचत, डोकं तिरकं करून "अरेरे" म्हणत आणि पिल्लांकडे जात. संध्याकाळी तिने टेलरकाकांना फोन लावला.

"काका, निवाऱ्यातली मावशी बोलतेय."

"पट्टा राहिला का माझ्याकडे?"

"पट्टा नाही. ठोंब्याला ऐकू येत नाही."

"तेच तर मी सांगत होतो."

"तसं नाही, काका. कान. बहिरा आहे तो."

पलीकडे मशीन चालू होतं, ते थांबलं.

"मी फूटपट्टीने मारलं त्याला," काका म्हणाले. "दोनदा. राग म्हणून नाही हो. वळण लागावं म्हणून."

मावशीला 'असू दे' म्हणता आलं असतं. तिने म्हटलं नाही. "मी तीनदा तेच लिहिलं," ती म्हणाली. "शनिवारी अकराला गाडी जाते त्याला घेऊन."

काकांनी येतो म्हटलं नाही, नाही येत असंही नाही. शुक्रवारी कुणी आलं नाही.

शनिवारी साडेदहाला गाडी फाटकात लागली. मावशी ठोंब्याच्या गळ्यात पट्टा घालायला वाकली, तेवढ्यात काका आले. दाढी केलेली, गळ्यात मापाची टेप तशीच. ठोंब्याने त्यांना पाहिलं आणि उठून पिंजऱ्याच्या पार मागच्या कोपऱ्यात गेला.

काका दारातच थबकले. "ओळखलंय त्याने."

"ओळखणारच. नाक शाबूत आहे."

"हाक मारून उपयोग नाही ना."

"नाही. खाली बसा."

काका बसले. आधी एक हात भिंतीला, मग गुडघा, मग दुसरा; सगळं होईपर्यंत ड्रायव्हर येऊन उभा राहिला. काकांनी तळहात फरशीवर सपाट ठेवला आणि हळू थोपटू लागले. कापडावरच्या सुरकुत्या काढाव्यात तसे. ठोंब्या हलला नाही.

"मावशी, निघायचंय," ड्रायव्हर म्हणाला.

"बाकीचे दोघे घे. हा राहतोय."

"यादीत तीन आहेत. साहेब मला झापतील."

"तुला नाही, मला झापतील. आण इकडे." तिने यादीतल्या तिसऱ्या ओळीवर काट मारली आणि बाजूला सही केली. अशी काट तिने आजवर कधी मारली नव्हती.

गाडी गेली. ती उरलेले पिंजरे धुवायला गेली, कारण ते धुवायचे होतेच. शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत पाठीचा कणा बोलायला लागला होता. परत आली तेव्हा काका तसेच बसलेले, आणि ठोंब्या त्यांच्यापासून वीतभर अंतरावर आडवा पडलेला, तोंड भिंतीकडे.

"आला," काका कुजबुजले. कुजबुजायची काही गरज नव्हती. "पण पाठ केलीय माझ्याकडे. रुसला म्हणायचं का?"

मावशी खराट्यावर रेलून पाहत राहिली.

"ज्याला मागचं काही ऐकू येत नाही," ती म्हणाली, "तो अशी पाठ कुणाकडेही करत नाही, काका. बसा तुम्ही. मी निळं पेन आणते."